जळगावात रोजच्या जेवणासोबत चालेल अशी स्वस्त पण बरी वाइन कोणती?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी, मागच्या दिवाळीला मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिने शेनिन ब्लां नावाच्या पांढऱ्या वाइनची बाटली आणली होती, फ्रीजमध्ये थंडगार करून शेवभाजीसोबत घेतली आणि आम्हा दोघांनाही आवडली, मला व्हिस्कीची सवय होती तरी. म्हटलं आठवड्यातून एकदा शनिवारी असं काहीतरी असावं. पण इथे दुकानात गेलो तर बाहेर दहा फुटी बोर्ड "वाइन शॉप" आणि आत सगळी व्हिस्की, रम, बियर! वाइन कुठेय विचारलं तर पोराने स्टूल घेतलं आणि पार वर पत्र्याखाली ट्यूबलाइटच्या शेजारी हात घातला. पाचशेच्या आतली पांढरी वाइन दिली. घरी येऊन ग्लासात ओतली तर रंग कोऱ्या चहाचा आणि चव सिरक्याची, मोरीत ओतली. दुसऱ्यांदा पोर्ट आणली तर ती खोकल्याच्या औषधासारखी गोड, बायको म्हणाली यात शेव बुडवून खा आता.
बजेट सातशे, पाचशेत जमलं तर उत्तम. पाहुण्यांपुढे मिरवायची नाहीये, घरी प्यायची आहे. नाव सांगा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाटली हातात घेतल्यावर काय बघायचं ते सांगा. स्वस्तात मिळेल म्हणून नाशिकला चक्कर मारण्यात काही अर्थ आहे का?

धुळ्याचा आप्पा:
भाऊ, तुमची वाइन वाईट नव्हती, ती म्हातारी झाली होती. स्वस्त पांढरी वाइन ठेवून मुरत नाही, ती ताजी प्यायची असते. आपल्याकडे द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे त्या वर्षाची पांढरी साधारण पावसाळ्यापासून दुकानात दिसायला लागते. लेबलवर वर्ष असेल तर चालू वर्षाचं नाहीतर फार तर मागच्या वर्षाचं घ्या. वर्ष नसेल तर मागच्या बाजूला भरल्याचा महिना बारीक अक्षरात असतो, चष्मा लावून वाचा, लाजू नका. दीड-दोन वर्षं जुनी स्वस्त पांढरी फुकट दिली तरी नको. मग बाटली उजेडात धरा, फिकट गवताळ रंग हवा, पिवळाजर्द किंवा तपकिरी झाली की परत द्या.
दुसरं म्हणजे फिरकीचं झाकण बघा. आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीला रात्री शटर बंद करून दुकान तापतं तेव्हा कॉर्क वर सरकतो आणि आत हवा जाते. झाकणवालीसुद्धा उन्हात शिजतेच पण निदान गळत तरी नाही.
नावं म्हणाल तर नाशिकच्या सुला वायनरीची शेनिन ब्लां जरा गोडसर आहे, आपल्या तिखटाला बरी. त्यांचीच झिनफांडेल रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. यॉर्कची शेनिन मला जास्त आवडते, २०२१ पासून ती वायनरीही सुलाकडेच आहे. अकलूजच्या फ्रातेल्लीची क्लासिक रेंज बघा, आणि अगदी कमी पैशात मदेरा. किमती लिहीत नाही, दर वर्षी बदलतात आणि एमआरपी बाटलीवर असतेच. माझं मत सरळ आहे, सातशेची शिळी घेण्यापेक्षा चारशेची ताजी घ्या.
नाशिकला स्वस्तात मिळेल म्हणून जाऊ नका, मी गेलो तेव्हा वायनरीतही एमआरपीच होती. चाखून ठरवायला जरूर जा. गंगापूर धरणाकडे दोन-तीन ठिकाणी घोट-घोट घेतला की आपल्याला काय आवडतं ते कळतं, आणि मग इथे येऊन अंदाजाने पैसे घालावे लागत नाहीत. गाडी चालवणारा मात्र वेगळा न्या.

सातपुडा_एक्सप्रेस:
भो, पहिले दुकानदारले इचार, फ्रीजमा काय शे? आठे गरमी भलती शे, वरना शेल्फवर बाटलीनं भरीत व्हई जास 😄
मी नंदुरबारचा. आमच्याकडे नवापूर स्टेशन निम्मं महाराष्ट्रात निम्मं गुजरातमध्ये, त्यामुळे एकाच फलाटावर चार पावलं पुढे गेलं की दारूबंदी. स्वस्तात मिळते म्हणून गोव्याहून, दमणहून बाटल्या आणणारे असतात, त्यात पडू नका, दुसऱ्या राज्यातला माल सापडला तर वाचलेल्या दोनशे रुपयांपायी हजारोंचा ताप.
आणि २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय झाला होता आठवतंय का? केवढा गदारोळ, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि ते तिथेच राहिलं. चांगलं वाईट त्यावर भांडायचं नाही मला, पण एसीतल्या फडताळावरून बाटली उचलायची सोय गेली ती गेली.

कळण्याची भाकर:
आप्पांचं पटलं. मी चाळीसगावची, आमच्या घरी वाइन मीच आणते, दुकानातला भाऊ आता ओळखतो, पहिल्यांदा मात्र "साहेबांना पाठवा" म्हणाला होता.
दादा, खर्चाचा हिशोब बाटलीवर नका करू, ग्लासवर करा. ७५० मिलीत १५० चे पाच ग्लास होतात, सहाशेची बाटली म्हणजे ग्लास एकशेवीसला पडला. लोक फसतात ते उरलेल्या वाइनमध्ये, दोन ग्लास घेतात, बाटली ओट्यावर ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी आंबट झाली म्हणतात. मी एकदा ३७५ मिलीची छोटी बाटली घेतली होती ती धुवून वाळवून ठेवलीय. मोठी फोडली की लगेच अर्धी त्या छोटीत काठोकाठ भरायची, हवेला जागाच ठेवायची नाही, झाकण लावून फ्रीजमध्ये. लाल असली तरी फ्रीजमध्येच. पुढच्या शनिवारपर्यंत चांगली राहते.
आणि खरेदी हिवाळ्यात करा. नोव्हेंबर ते जानेवारी, भरीत पार्ट्या चालू असतात तेव्हा, दुकानही थंड असतं आणि त्या वर्षाचा माल आलेला असतो. तेव्हा चार बाटल्या घेऊन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडव्या टाकायच्या. दारू बाळगायचा परवाना तेवढा काढून ठेवा. आमच्या शेतात काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरवी मिरची, कळण्याच्या पुऱ्या आणि थंड रोझे... सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या कोकम सरबत बिघडलंय.

काळा मसाला:
सगळे पांढरीच्याच मागे का लागलेत? खान्देशी मटणाला शेनिन म्हणजे लग्नाच्या वरातीत बासरी. काळ्या मसाल्याला लाल वाइन, शिराझच पाहिजे. फक्त दोन गोष्टी, एक म्हणजे "रेड वाइन रूम टेंपरेचरला" हे आपल्यासाठी नाही, जळगावची रूम म्हणजे भट्टी, तेव्हा पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. दुसरं म्हणजे स्वस्तातल्या लालमध्ये फार तुरट, ओक लाकडाच्या पिंपातली वगैरे घेऊ नका, तिखटावर तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही पडले की जीभ जास्त भाजते. साधी फळाळ चवीची शिराझ किंवा फ्रातेल्लीची सांजोव्हेजे घ्या, बजेट थोडं ओलांडेल कदाचित. लाल एखादं वर्ष जुनी असली तरी चालते, एवढी सवलत तिला आहे.
इम्पोर्टेडच्या नादी लागू नका. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के कस्टम ड्युटी होती, ऑस्ट्रेलियाच्या महागातल्या वाइनला २०२२ च्या करारानंतर जरा सूट मिळाली. म्हणजे आपण हजार रुपये देतो त्यात वाइन थोडी आणि कर जास्त. त्याच पैशात नाशिकची खरंच चांगली बाटली येते.
आणि पोर्टला नावं ठेवू नका हो, आमचे काका रक्त वाढतं म्हणून रोज झोपताना झाकणभर घ्यायचे. रक्त वाढलं की नाही माहीत नाही, शुगर वाढली.

गिरणाकाठ:
आप्पा, ताई, सगळ्यांचे आभार. आज दुसऱ्या दुकानात गेलो, थेट फ्रीजकडे बोट दाखवलं. बियरच्या मागे शेनिनच्या तीन बाटल्या होत्या, दोन मागच्या वर्षीच्या आणि एक याच वर्षीची, तीच घेतली, फिरकीचं झाकण आहे. मी चष्मा लावून मागचं लेबल वाचत होतो तर मागच्या गिऱ्हाईकाने विचारलं काका एक्सपायरी बघताय का. हो म्हटलं. त्यानेही मग आपली क्वार्टर उलटी करून बघितली.
छोटी बाटली नाहीये घरात, लोणच्याची बरणी चालेल का ताई?

कळण्याची भाकर:
नाही!! वास जात नाही दादा. पुढच्या वेळी एक ३७५ ची घ्या, वाइन आधी पिऊन टाका, बाटली जन्मभर पुरते.