बालवर्गात चार भाषांची पोरं आहेत, वेगळेपण एका दिवसापुरतं साजरं करायचं की रोज? (सोलापूर)

बालवर्ग_टीचर
नमस्कार. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत लहान गटाला शिकवते. आमच्याकडं निम्म्याच्या वर पोरं तेलुगू घरातली, कुणाचा बाप मागावर, कुणाची आई बिड्या वळणारी, मग काही अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, काही घरी दखनी बोलणारी आणि मराठी तर आहेतच. दरवर्षी शाळेत एक दिवस 'विविधतेत एकता' असते, एकाला पंजाबी पगडी, एकीला काश्मिरी ड्रेस, फोटो काढले की संपलं. मला हे खटकतं ओ, काश्मीर लांब राहिलं, शेजारी बसलेलं पोरगं घरी काय बोलतं काय खातं हे तरी यांना कळायला पाहिजे ना.

आत्ताचे प्रश्न सांगते. एक मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही, तिची आई म्हणते घरी तेलुगूत नुसती बडबड चालू असते. एक मुलगा डावखुरा आहे आणि त्याची आजी सोडायला आली की सांगूनच जाते, टीचर याला उजव्या हातानं लिहायला लावा. डब्यात कुणी अंडं आणलं की दोन-तीन पोरं छी करून लांब सरकतात. आणि पालकांना दिवाळीच्या आत ए टू झेड आणि शंभरपर्यंत अंक लिहून पाहिजेत. मला वेगळा तास नकोय, तेवढा वेळच नाही, रोज जे करतोय त्यातच हे कसं बसवायचं?

निवृत्त_बालवाडीताई
बरं झालं विचारलंत. हजेरीपासून सुरू करा. किती पोरं आली हे रोज मोजताच ना, तेच एक दिवस मराठीत, एक दिवस तेलुगूत ओकटि रेंडु मूडु, एक दिवस कन्नडमध्ये ओंदु एरडु मूरु, आणि मोजायला पुढं त्याच भाषेचं पोरगं उभं करायचं, टीचरनं मागं म्हणायचं. पाचाला दोन्हीकडं ऐदुच म्हणतात, हे आमच्या पोरांनीच पकडलं होतं आणि मग दिवसभर ऐदु ऐदु चाललं होतं. यात अंक मागं पडत नाहीत, उलट पक्के होतात, कारण पोराला कळतं की नाव कुठलंही घ्या, शेंगा तेवढ्याच राहतात.

शेंगा तर आपल्याकडं घरोघरी आहेत. मूठभर द्यायच्या, फोडायच्या आधी आत किती दाणे असतील ते सांगायला लावायचं, मग दोन दाण्यांच्या एकीकडं, तीन दाण्यांच्या एकीकडं. मोजणं, गट करणं, अंदाज बांधणं सगळं आलं त्यात. फक्त कुणाला शेंगांची अ‍ॅलर्जी नाही ना हे आधी आईला विचारा, आणि दाणे नाकात घालत नाहीत ना तेवढं बघा.

ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली पोरं बालवाडीपर्यंत येईनात, मग त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. पानं, खडे, बिया, शिंपले, जे तिथं पडलेलं ते साहित्य. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. अंगणवाडीची कल्पना तिथलीच आहे. पोराचं घर वर्गात येऊ देणं हे आपल्या मातीत आधीच झालेलं काम आहे, त्याला फॅन्सी ड्रेस लागत नाही.

डब्याला आमच्याकडं एकच नियम होता, छी म्हणायचं नाही. मला आवडत नाही म्हणा, आमच्यात खात नाहीत म्हणा, पण छी नाही. आणि वाटून खायची जबरदस्तीपण करू नका, काही घरात चालत नाही, त्या पोराचा पण मान राखायला पाहिजे.

जुळेसोलापूरकर
राग मानू नका पण पोरं एवढ्या भाषांनी कन्फ्यूज होत नाहीत का? माझी मुलगी आधीच मराठी-इंग्रजी मिक्स करते. पहिलीत गेल्यावर लिहिता आलं नाही तर तिथं कोण ऐकून घेणार आहे? फी भरतो तर थोडा अभ्यास दिसावा एवढंच म्हणणं आहे.

विणकर_घरची_सून
दादा, आमच्या घरात आजेसासू तेलुगू, मी माहेरची कन्नड, मालक कारखान्यात मराठी आणि दोस्तात दखनी. चार वर्षाचं पोरगं सगळ्यांशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलतं, कुणाशी काय बोलायचं हे त्याला कुणीच शिकवलेलं नाही, आणि मधेच एका वाक्यात दोन भाषा आल्या तरी त्याचं काही अडत नाही. अडायचं ते माझं. मी शाळेत असताना कन्नड शब्द तोंडातून गेला की पोरी हसायच्या आणि बाई पण गप्प बसायच्या, मग मी हातच वर करायची नाही, उत्तर येत असून. टीचरनं एकदा पोरीच्या भाषेत ये, बस एवढं म्हटलं तरी ती पोरगी मोकळी होईल. मला तर वाटतं आयांनाच बोलवा एकेक करून गोष्ट सांगायला, पण बिड्या वळणाऱ्या बायकांना दिवस मोडणं परवडत नाही, तर मोबाईलवर रेकॉर्ड करून मागवा.

स्पीच_थेरपिस्ट_मी
भाषा मिसळणं हा गोंधळ नाही, अशा घरातल्या पोरांमध्ये ते अगदी नॉर्मल आहे. जुळेसोलापूरकर, लिहिण्याची घाई पण नको, बोटांत ताकद यायला माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं हीच तयारी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकण्याचा, आणि शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरा असं सांगितलंय.

आता त्या मुलीचं. नवीन भाषेत पडलेलं पोर काही महिने नुसतं ऐकतं, घरी बडबड आहे म्हणजे बोलणं शाबूत आहे. सगळ्यांसमोर 'बोल की गं' करू नका, बोट दाखवून, मान हलवून दिलेलं उत्तर चालवून घ्या. खूप महिने गेले आणि शाळेत तोंडच उघडत नाही असं राहिलं तर मात्र दाखवून घ्या. आणि जे मूल घरच्या भाषेत पण बोलत नाही, मागून हाक मारल्यावर वळत नाही, त्याची वाट बघत बसू नका, आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीम अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात, तपासणी फुकट असते. खासगी शाळेतल्या पोरांना सिव्हिलला नेता येतं.

डावखुऱ्याला अजिबात बदलू नका. त्याला टेबलाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागत नाही, कागद थोडा उजवीकडं तिरका ठेवा, डाव्या हाताची कात्री मिळते ती मागवा.

बालवर्ग_टीचर
सगळ्यांचे मनापासून आभार. छी चा नियम उद्यापासूनच. पण आजींना काय सांगू? त्या प्रसादाचं काढतात.

निवृत्त_बालवाडीताई
त्यांना म्हणा प्रसाद आणि जेवण उजव्या हातानं शिकवा, आमची हरकत नाही, पेन्सिल आणि कात्री मात्र त्याच्या हातावर सोडा. बऱ्याच आज्या एवढ्यावर ऐकतात. आधी त्याचं एखादं चित्र दाखवा आणि मग बोला.

टॉवेलवाला_एमआयडीसी
टीचर, आमच्याकडं रंगीत सुताचं वेस्टेज भरपूर निघतं, पाहिजे तर पिशवीभर देतो. पुठ्ठ्याला खाचा पाडून उभे धागे ताणायचे आणि आडवा एक वरून एक खालून घालायचा, त्यात पॅटर्न पण येतो आणि थेरपिस्ट मॅडम म्हणतात ती बोटांची तयारी पण. निम्म्या पोरांच्या घरात हेच चालतं, एखाद्याचे वडील सुट्टीच्या दिवशी येऊन दाखवतील. पोरांना बाप टीचरच्या जागी उभा राहिलेला बघू द्या की.

बालवर्ग_टीचर
भाऊ, नक्की पाहिजे. जानेवारीत गड्ड्यामुळं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेमुळं, हजेरी कमी असते, त्याच्या आधीच करूया. जाड सूत असलं तर बरं, बारीक धागा या वयाला पकडता येत नाही. तुम्ही वार सांगा, मी शिपायाला पाठवते.