पूरपातळीच्या ॲपला स्वतःची संस्था हवी की जुन्या ट्रस्टचं छत्र पुरे?

काठावरचा:
२०१९ च्या पुरानंतर आम्ही चौघांनी सांगलीसाठी एक छोटं ॲप केलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग एकाच पानावर. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोड सगळ्यांना खुला. परवा मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यानं सर्व्हरसाठी ५० हजार देऊ केले आणि विचारलं, "चेक कुणाच्या नावे काढू?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. गेल्या वर्षीची वर्गणी माझ्या बचत खात्यात आली होती. रिटर्न भरताना सीएंना ती समजावता समजावता घाम फुटला.

माझं मत, स्वतःची संस्था काढूच नये. फिस्कल स्पॉन्सरशिप घ्यावी. म्हणजे पैसे एखाद्या जुन्या ट्रस्टकडे, पावती-ऑडिट त्याचं, काम आपलं, बदल्यात ठरलेली टक्केवारी. अमेरिकेत खुल्या कोडचे प्रकल्प असेच छत्राखाली आहेत: गिट आणि इंकस्केप 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेकडे, डेबियन 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट'कडे. पहिली संस्था देणगीतले १० टक्के कापते, दुसरी ५.

मिरजेचा पाहुणा:
टक्क्यांचं सोडा हो. निवडणूक तोंडावर आली की तुमच्या इशाऱ्याच्या मेसेजवर चेअरमनसाहेबांचा फोटो येईल, तेव्हा काय करणार? आमच्या वाचनालयाचे पैसे असेच एका संस्थेकडे ठेवले होते. आठ महिने फेऱ्या मारल्या, दरवेळी एकच उत्तर, "कार्यकारिणीपुढे ठेवतो." सात माणसं जमवा, सोसायटी नोंदवा, मोकळे व्हा.

ताळेबंद:
सात माणसं जमतात हो, सात सह्या जमत नाहीत. मी हेच काम करतो. १८६० च्या कायद्यानं सोसायटी नोंदवली की आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही ती येतेच. मग दरवर्षी ऑडिट, आणि एक सचिव बदलला तरी धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद. शिवाय उद्या एखाद्या कारखान्याचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, मागायला गेलात, तर संस्थेचं तशाच कामातलं तीन वर्षांचं रेकॉर्ड लागतं. तुमचं ॲप सहा वर्षांचं असलं तरी संस्था कालची.

पण काठावरचे, ट्रस्टची घटना आधी वाचा. उद्दिष्टांत नुसतं 'गोसंवर्धन व कीर्तन' असेल तर तुमच्या सर्व्हरचं बिल तिथं बसायचं नाही.

मिरजेचा पाहुणा:
आणि छत्रच उडालं तर? असंच छत्र देणारं अमेरिकेतलं ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन २०२४ मध्ये बंद झालं. शेकडो गटांना नवं घर शोधावं लागलं. तिथं ही गत, इथं काय!

पुण्यातला सांगलीकर:
दुबईच्या मित्रमंडळाकडून पैसे येणार असतील तर आधीच सांगतो, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

एकवेळचा वाचक:
५० हजारांसाठी एवढा खल? व्यापाऱ्यालाच सर्व्हरचं बिल भरू दे की.

काठावरचा:
त्यांना ८०जी ची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी पावती हवी आहे, नाहीतर तेच केलं असतं. पाहुण्यांची भीती मला खोटी वाटत नाही, म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घेणार: आपलं वेगळं खातेपान, फोटो नाही, आणि बाहेर पडायचं ठरलं तर दोन महिन्यांत शिल्लक दुसऱ्या पात्र ट्रस्टकडे. डोमेन, म्हणजे ॲपचा इंटरनेटवरचा पत्ता, मात्र आपल्याकडेच.

ताळेबंद:
'आपल्याकडे' म्हणजे कुणाकडे? कायद्याच्या कागदावर तुमचा गट अस्तित्वातच नाही. करारावर सही चौघांनी आपापल्या नावानं करायची. डोमेन आत्ता कुणाच्या नावावर आहे?

काठावरचा:
आमच्यातल्या एकाच्या भाच्याच्या. तो कॉलेज सोडून बंगळुरूला गेलाय, पासवर्डही त्याच्याकडेच. नूतनीकरण ऑगस्टमध्ये, ऐन पुराच्या तोंडावर. आज रात्रीच फोन करतो त्याला.