महिन्याचं पिल्लू नको

घरात लहान मूल असताना कुत्र्याचं पिल्लू कसं निवडावं, या प्रश्नावर 'जितकं लहान पिल्लू आणाल, तितका मुलाला त्याचा लळा लवकर लागेल' असं दोघातिघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडलं की त्याचं एक महत्त्वाचं शिक्षण राहून जातं. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ थांबतो, आणि दात किती लावायचे ते त्याला कळतं. हे न शिकलेलं पिल्लू पुढे मुलाच्या हातापायांवर तेच करत बसतं. आठ आठवडे पूर्ण होऊ द्याच. केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वान प्रजनन नियमांतही त्याहून लहान पिल्लू विकायला बंदी आहे.

मिक्स, म्हणजे मिश्र जातीचं पिल्लू मोठेपणी केवढं होईल हे पंज्यांवरून ओळखण्यापेक्षा शक्य असेल तर त्याची आई बघा, तिचा स्वभावही दिसतो. आमची पॉमेरेनियन-देशी मिक्स निवडताना लेकीला नुसतं जमिनीवर शांत बसवलं होतं. अंगावर झेपावणारंही नाही आणि कोपऱ्यात थरथरणारंही नाही, जरा वेळाने स्वतःहून हुंगायला आलं ते घेतलं. मुलं असलेल्या घरात असाच मधला स्वभाव बघावा.

आणि रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. तोवर त्याचा दात किंवा नख मुलाला लागून ओरखडा जरी उठला, तरी 'पिल्लूच तर आहे' म्हणून सोडू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.