एजंटच्या टूलचं वर्णन कसं लिहायचं? आरटीसी आणि सातबाऱ्यात घोळ होतोय

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. खानापुरात एका वकिलांच्या ऑफिससाठी छोटा एआय एजंट करतोय. स्कॅन करून ठेवलेले जमिनीचे कागद शोधून द्यायचे, एवढंच त्याचं काम. बऱ्याच पक्षकारांची थोडी जमीन इकडे कर्नाटकात, थोडी पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात. म्हणून दोन टूल केलीत (एजंट गरजेप्रमाणे चालवतो ते छोटे प्रोग्रॅम), एक आरटीसीचं, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याचं, आणि एक महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याचं. एकाचं वर्णन ‘जमिनीचा उतारा आणते’, दुसऱ्याचं ‘जमिनीची माहिती देते’. ‘माझा उतारा दाखव’ म्हटलं की एजंट कधी हे टूल उचलतो, कधी ते. मॉडेल बदलू की सिस्टीम प्रॉम्प्ट, म्हणजे एजंटला दिलेल्या कायमच्या सूचना, वाढवू? जाणकारांनी सांगा की.

टिळकवाडीचा_गडी:
मॉडेल राहू दे, आधी ती दोन वाक्यं बदला. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कुठली माहिती कशा रूपात द्यायची त्याचा आराखडा), एवढ्यावरच ते ठरवतं. तुमच्या वर्णनांची अदलाबदल केली तरी काही फरक पडणार नाही, मग त्यानं निवडायचं कशावरून? आरटीसीचं मी असं लिहीन:

‘कर्नाटकातल्या जमिनीची आरटीसी ऑफिसच्या संग्रहातून शोधते. गाव बेळगाव, खानापूर, निपाणी अशा कर्नाटकातल्या तालुक्यात असेल तरच वापरा. चंदगड, कागल अशा महाराष्ट्रातल्या जमिनीसाठी वापरू नका, त्यासाठी सातबाऱ्याचं टूल आहे. नुसतं "उतारा" म्हटलं असेल आणि गाव कुठल्या राज्यातलं ते कळत नसेल, तर आधी विचारा. स्कॅन केलेली प्रत आणि तिची तारीख मिळते. सरकारी साइटवरची ताजी नोंद मिळत नाही.’

शेवटची दोन वाक्यं अजिबात गाळू नका. ती नसतील तर एजंट चार वर्षांपूर्वीची प्रत आजची म्हणून पक्षकाराच्या हातात देईल. कोर्टाच्या कामात हे परवडणारं नाही.

टूलचं नाव बहुतेक एपीआयमध्ये (आपला प्रोग्रॅम मॉडेलशी ज्यातून बोलतो ती जोडणी) रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. वर्णन मराठीत चालतं. पण नावातही राज्य येऊ दे.

निपाणीची_अक्का:
वरचं सगळं पटलं. पण क्षेत्राचा पॅरामीटर असेल तर खरी गोची तिथं आहे, दादा. आरटीसीवर क्षेत्र एकर-गुंठ्यात, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. आता कुणी ‘१.२०’ लिहिलं तर? आरटीसीवर ते १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण एकराला ४० गुंठे. मॉडेल त्याला दशांश समजून १.२ एकर धरणार. आणि सातबाऱ्यावरचं १.२० हेक्टर म्हणजे जवळजवळ तीन एकर! ‘क्षेत्र: संख्या’ एवढ्यावर सोडलंत तर वाटणीच्या दाव्यात केवढा अनर्थ होईल. एकर आणि गुंठे असे दोन वेगळे पॅरामीटर करा. दोन्ही पूर्णांक, गुंठे ० ते ३९, आणि वर्णनात एक उदाहरण: ‘१ एकर २० गुंठे असेल तर एकर १, गुंठे २०’. गुंठ्याच्याही खाली आण्यापर्यंत हिशेब लागत असेल तर तिसरा. तालुक्याला ठरलेली यादीच द्या, म्हणजे मॉडेल मनानं स्पेलिंग बनवणार नाही.

खानापूरकर:
अक्का, हे लक्षातच येण्यासारखं नव्हतं, आभार. पण वर्णनं एवढी लांबली तर टोकनचा, म्हणजे मॉडेलला जाणाऱ्या मजकुराच्या तुकड्यांचा, खर्च वाढणार नाही का?

टिळकवाडीचा_गडी:
वाढणार, वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर जातात. पण दोन टूलांची पाच-सात वाक्यं म्हणजे किरकोळ. चुकीचं टूल चालवून पुन्हा विचारण्यात त्याहून जास्त जातं. टूलं चाळीसवर गेली तर मात्र वर्णनं कापण्याआधी टूलंच कमी करा.

उद्यमबागवाला:
आणखी एक, एररचा मजकूरही मॉडेलच वाचतं. ‘नोंद नाही’ एवढंच परत केलंत तर ते तोच सर्व्हे नंबर पुन्हा पुन्हा मारत बसेल. ‘या गावात हा सर्व्हे नंबर नाही, हिस्सा नंबर विचारून पुन्हा शोधा’ असं पाठवा.

आणि ऑफिसात पक्षकार विचारतात तसलेच, अर्धवट, गावाचं नाव नसलेले प्रश्न वहीत उतरवून घ्या. प्रत्येकासमोर कुठलं टूल चालायला हवं ते लिहा. काही प्रश्नांसमोर ‘टूल नको, आधी विचारा’ असंही येईल. वर्णनातला एक शब्द जरी बदलला तरी अख्खी यादी पुन्हा चालवून बघा.

खानापूरकर:
वकीलसाहेबांच्या कारकुनाकडून असे प्रश्न आजच मागवतो. सातबाऱ्याचं वर्णन लिहून झालं की इथंच टाकतो, अक्का, क्षेत्राचा भाग तेवढा तपासून द्या.