'बिग हिरो ६': बेमॅक्सने परत यायला नको होतं

निळाई
डिस्नेच्या या चित्रपटात (२०१४) हिरो नावाच्या १४ वर्षांच्या मुलाचा मोठा भाऊ तदाशी आगीत मरण पावतो. मागे उरतो तदाशीने बनवलेला फुगीर शुश्रूषा-रोबो, बेमॅक्स. उपचारांवर समाधानी आहे असं रुग्णाने म्हटल्याशिवाय तो बंद होत नाही. सुरुवातीला प्रयोगशाळेत हिरो ते वाक्य सहज म्हणून टाकतो. शेवटी पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या अवकाशात नेणाऱ्या दारात, अडकल्यावर हिरो आणि खलनायक कॅलहनची मुलगी अबिगेल यांना बाहेर ढकलण्याआधी बेमॅक्स त्याच्याकडून तेच म्हणवून घेतो. तदाशीचा निरोप घेता आला नव्हता, तो इथे घेता येतो. आणि लगेच बेमॅक्सच्या सुटून आलेल्या मुठीत त्याची प्रोग्रामची चिप सापडते, बेमॅक्स पुन्हा उभा! इतक्या कष्टाने कमावलेल्या निरोपावर पाणी फिरवलं.

टिपकागद
निळाई, साफ असहमत. परत येतो बेमॅक्स. तदाशी येत नाही. मुठीत असते ती फक्त हिरवी चिप, तदाशीने लिहिलेली. हिरोने बनवलेली लाल, मारामारीची चिप शरीराबरोबर गेली. मधला प्रसंग आठवा. सूडाच्या भरात हिरो हिरवी काढून फेकतो, एकटी लाल उरते आणि बेमॅक्स आगीला जबाबदार असलेल्या प्राध्यापक कॅलहनच्या जिवावर उठतो. हिरोची साथीदार हनी लेमन हिरवी परत बसवते तेव्हाच तो थांबतो. नंतर हिरो पुन्हा तेच करू बघतो तर बेमॅक्स चिपचा कप्पाच उघडू देत नाही, आणि तदाशीच्या चाचण्यांचं चित्रण दाखवतो: ३३वी फसलेली, ८४वी जमलेली. शेवटी हिरो भावाचं तेच काम पुढे नेतो. याला पाणी फिरवणं कसं म्हणायचं?

अवखळ
माझी तक्रार शेवटाबद्दल नाही, चिलखताबद्दल आहे. बेमॅक्सची कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या हवा भरलेल्या व्हिनाइलच्या हातावरून आली. आजारी माणसाला भरवताना, कपडे चढवताना धातूच्या हाताचा अंदाज चुकला तर इजा होते. हवेचा हात चुकला तर स्वतःच दबतो. त्याची उणीवही तिथेच: भोक पडलं की हवा जाते. चित्रपटात बेमॅक्स पोलीस ठाण्यात बसून स्वतःला चिकटपट्ट्या लावतो ते त्यामुळेच. हा मऊपणाच त्याचं औषध, आणि उत्तरार्धात तोच लाल चिलखताखाली झाकलाय. हाणामारी सुरू झाली की शोक बाजूला पडतो.

टिपकागद
अवखळ, मला तर उलट वाटतं. चिलखत हिरो चढवतो, दुःखाऐवजी राग धरून. शोकात असलेली मुलं असंच काहीतरी करतात.

निळाई
चिपांचा मुद्दा मान्य, टिपकागद. तरी सात-आठ वर्षांच्या पोराला दोन चिपांमधला फरक कळत नाही, बेमॅक्स परत आला एवढंच दिसतं. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर पालकांनी आगीबद्दल आधीच सांगून ठेवावं, शेजारी बसावं आणि नंतर थेट विचारावं: 'तदाशी परत आला का?' नाही आला, हे मुलाच्या तोंडून येऊ द्यावं. चित्रपट स्वतः ते पुरेसं ठासून सांगत नाही.

टिपकागद
सांगतो की! आठवण आहे तोवर माणूस गेलेलं नसतं असं सगळे म्हणतात, तरी दुखतंच, असं हिरो म्हणतो. बेमॅक्स त्याला तपासतो आणि शरीरावर इजा दिसत नाही म्हणतो. दहा हजारांवर उपचार माहीत असलेल्या यंत्राकडे या दुखण्याला उपाय नाही, हे सात वर्षांच्या मुलालाही दिसतं.