वळणावर रडार गन ४२ सांगते, स्टॉपवॉच ५०. खरा वेग कोणता?

चिरेखाण:
कोकणातल्या एका राज्यमार्गावरच्या वळणाची वेगमोजणी चालू आहे. डांबर ७ मीटर रुंद, मध्यरेषेवर त्रिज्या ६० मीटर. वळणाला लागूनच एसटीचा थांबा आणि शाळेची वाट आहे, म्हणून आकडे पक्के हवेत. रडार गन आतल्या साइडपट्टीवर, डांबराच्या कडेपासून १ मीटरवर ठेवली आहे. वाहन ४० मीटरवर असताना वेग टिपतो. त्याच वाहनांची वेळ स्टॉपवॉचवरही घेतो. त्यासाठी बाहेरच्या कडेने टेप धरून ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा केल्यात. आतल्या लेनमधल्या गाड्यांना गन साधारण ताशी ४२ किमी दाखवते, स्टॉपवॉचवरून ५० येतात. गन ट्यूनिंग फोर्कवर तपासली, बरोबर आहे. कोणता आकडा धरायचा?

रस्तेमोजणी:
दोन्ही नको. खरा वेग ४६ च्या आसपास आहे.

आधी गन. ती फक्त स्वतःच्या दिशेने येणारा वेग मोजते, म्हणजे खरा वेग गुणिले कोनाचा कोसाइन (वाहनाची दिशा आणि गनकडे जाणारी रेषा यांमधला कोन). सरळ रस्त्यावर हा कोन किरकोळ असतो, वळणावर तो वळणच तयार करतं. आतल्या लेनचा मध्य ५८.२५ मीटर त्रिज्येवर येतो. गन त्याच वाटेवर असती तरी ४० मीटरवर कोन २० अंशांचा झाला असता (अंतर भागिले त्रिज्येची दुप्पट, त्याचा व्यस्त साइन). तुमची गन त्या वाटेपासून आणखी पावणेतीन मीटर आत आहे, त्याचे ४ अंश वाढले. २४ अंशांचा कोसाइन ०.९१, ४६ चे ४२ झाले ते असे.

गन वाहनाच्या जवळ नेली तर? दूर असताना वळणामुळे कोन वाढतो, जवळ आल्यावर आडव्या अंतरामुळे. तुमच्या मापांना १८ मीटरच्या आसपास कोन सर्वांत लहान मिळतो, पण तेव्हाही गन पावणेपाच टक्के कमीच दाखवणार. आतल्या बाजूने यापेक्षा चांगला आकडा निघत नाही.

तीच गन समोरच्या, बाहेरच्या साइडपट्टीवर ठेवली तर आडव्या अंतराचे अंश वाढण्याऐवजी वजा होतात. कोन साधारण १० अंश, चूक २ टक्क्यांच्या आत. पण ताबा सुटलेली गाडी नेमकी तिकडेच जाते, त्यामुळे तिथे माणूस उभा करू नका. झाडाच्या किंवा गडग्याच्या मागे ट्रायपॉड लावायला जागा असेल तरच.

शिवाय १२ अंशांच्या झोताची गन असेल तर ४० मीटरवर तो सुमारे ८.४ मीटर रुंद होतो. दुचाकीच्या मागे डंपर असेल तर बहुतेक वेळा डंपरचाच वेग नोंदला जाईल.

टेप_चुना:
स्टॉपवॉचची चूक टेपमध्ये आहे. बाहेरच्या कडेची त्रिज्या ६३.५ मीटर, गाडी गेली ५८.२५ वरून. तिथे ५० मीटरचे ४५.९ मीटरच राहतात. ५० गुणिले ०.९१७, उत्तर तेच ४६.

त्रिज्या नकाशावरून घेतली असेल तर जागेवर ताडून पाहा. बाहेरच्या कडेला २० मीटरची दोरी ताणून धरा आणि दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. ५० भागिले ते अंतर, अधिक त्याच अंतराचा निम्मा. ७९ सेंटिमीटर आलं तर त्रिज्या ६३.७ मीटर. एका सेंटिमीटरच्या चुकीने पाऊण मीटरचा फरक पडतो, म्हणून तीन ठिकाणी माप घ्या. जुन्या रस्त्यांची वळणं क्वचितच एकाच त्रिज्येची असतात.

चुन्याच्या रेषा रस्त्याला काटकोनात, पूर्ण रुंदीभर मारा आणि प्रत्येक लेनच्या मध्यावरून अंतर वेगळं मोजा. रस्ता मोकळा असला की चालक वळण कापतात. गाडी कोणत्या लेनवरून गेली तेही नोंदवावं लागतं.

चिरेखाण:
बाहेरच्या बाजूला उंच बांध आहे. गनऐवजी तिथे मोबाइलचा कॅमेरा लावला तर चालेल का?

टेप_चुना:
चालेल, आणि स्टॉपवॉचपेक्षा बरं. माणसाच्या बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर तुमच्या ३.६ सेकंदांत साडेपाच टक्के जातात. व्हिडिओत २० मीटर पुरेत. ४६ च्या वेगाला १.५७ सेकंद, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणात ४७ फ्रेम. एक फ्रेम चुकली तरी २ टक्के. अंतर कमी असल्यामुळे मधल्या ब्रेकचा घोळही कमी.

खूण बंपरवर नको, पुढच्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग रेषेवर आला की फ्रेम धरा. मोबाइल उन्हा-सावलीप्रमाणे फ्रेमचा वेग बदलतात, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी चालू घड्याळ चित्रात घेऊन फ्रेम मोजा.

घाटउतार:
वळणाच्या मध्यावरचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. वळणाआधी दीडशे मीटरवर सरळ भागातही मोजा, शक्यतो त्याच गाड्या. ८५ टक्के गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग दोन्ही जागी काढा. फरक १० च्या आत असेल तर ठीक, २० च्या वर गेला तर वळण चालकांना अनपेक्षित आहे.

फक्त मोकळ्या गाड्या धरा, पुढच्या गाडीपासून निदान ५ सेकंद अंतर असलेल्या. ट्रॅक्टरमागची रांग धरली तर सरासरी उगाच खाली येते. दुचाकी, कार, एसटी आणि डंपर वेगळे लिहा, प्रत्येकाच्या शंभर नोंदी. समोरून हेडलाइटचे इशारे सुरू झाले की मोजणी थांबवा, त्यानंतरचे आकडे खरे नसतात.

सुरक्षित वेगासाठी रस्त्याचा आडवा उतारही हवा. २ मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी धरून पाणसळीने समतल करा; मोकळ्या टोकाखाली १४ सेंटिमीटर आले तर ७ टक्के. मग १२७ (सूत्रातला ठरलेला आकडा) गुणिले ६० (त्रिज्या) गुणिले ०.२२ (०.०७ उतार, ०.१५ घर्षण), त्याचं वर्गमूळ जवळपास ४१. सरासरीच ४६ असेल तर ८५ टक्क्यांचा आकडा त्याहून वर जाणार. पट्टी वळणाच्या सुरुवातीलाही धरा. वारंवार डांबर चढवल्यावर तिथला उतार बऱ्याचदा सपाट झालेला असतो, आणि तसं असेल तर ४० ची पाटीही जास्तच ठरेल.