यूपीआय चालतं, मग हयातीचा दाखला फोनवर का नको?

राजेंद्रनगरवाला:
इंदूरच्या मंडळींना विचारायचंय. आमच्या मावशी, वय पंच्याहत्तरच्या वर, सेंट्रलची फॅमिली पेन्शन. भाजीवाला, दूधवाला, छप्पन दुकानवरचे पोहे, सगळ्यांचे पैसे फोननीच देतात, पण नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाऊन रांगेतच उभ्या राहणार. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन द्यायची सरकारी सोय, २०१४ पासून आहे, २०२१ पासून तर फोनला नुसता चेहरा दाखवून होतं, अंगठ्याचं मशीनही लागत नाही. ईसंजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सेवेवर, डॉक्टरशी बोला म्हटलं तर तेही नको. एक गोष्ट सहज जमते आणि दुसरीला हात लावायचा नाही, असं का? त्यांची रांग मला खरंच चुकवायची आहे.

रामबागची_सून:
दादा, एक रोजचं आहे नं आणि एक वर्षातून एकदाचं. यूपीआय २०१६ ला आलं, त्याच वर्षी नोटबंदी, सुट्टे मिळेनात, मग दुकानदारांनीच क्यूआर लावले. शिवाय पैसे गेले की दुकानातला साउंडबॉक्सचा डबा मोठ्यांदा सांगतो, दोघांनाही ऐकू येतं, विषय संपला. दाखल्याचं तसं नाही, फोनवर एक प्रमाण आयडी, म्हणजे त्या दाखल्याचा नंबर, येतो आणि पेन्शन खरंच चालू राहिली का ते पुढचे पैसे जमा झाल्यावरच कळतं, तोवर जीव टांगणीला. बँकेत निदान समोर माणूस असतो, शिक्क्याची पोच हातात मिळते.

कियोस्कवाला:
एमपी ऑनलाइनचं, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांचं कियोस्क चालवतो म्हणून सांगतो, बरेच लोक अ‍ॅप उघडायच्या आधीच अडकतात. आधारला जुना मोबाइल नंबर, त्यामुळे ओटीपीच येत नाही, समग्रमध्ये, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, नाव एक आणि आधारमध्ये दुसरं, आणि मराठी बायकांचं तर मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं इथूनच घोळ सुरू. पण ७० वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, ५ लाखांपर्यंतचा इलाज, उत्पन्नाची अट नाही, त्यासाठी हेच लोक कागद दुरुस्त करून परत येतात, कारण शेजाऱ्यांच्या ऑपरेशनला ते चाललेलं त्यांनी पाहिलेलं असतं. फायदा दिसला की माणूस किचकट फॉर्मसुद्धा भरतो हो.

बँकेतून_निवृत्त:
लोक नवं तंत्रज्ञान का घेतात याचा अभ्यास करणाऱ्या फ्रेड डेव्हिसनी १९८९ मध्ये हेच मांडलं होतं, वस्तू उपयोगाची वाटली आणि सोपी वाटली की लोक घेतात. मी त्यात भीती जोडेन. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे खोटे पोलिस फोनवर धमकावून पैसे उकळतात त्याच्या, बातम्या ऐकून म्हातारी माणसं अनोळखी अ‍ॅपला घाबरतात आणि ते बरोबरच आहे, त्यांना अडाणी म्हणू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर त्यांच्या फोनमध्ये आधी सेव्ह करून द्या. आणि दाखल्यासाठी पोस्टमनला घरी बोलवा, पोस्ट पेमेंट्स बँकेची ती सेवा आहे, थोडी फी घेतात. काम डिजिटलच होतं, पण ओळखीचा माणूस समोर बसून करतो.

राजेंद्रनगरवाला:
पोस्टमनचं मावशींना नक्की पटेल, आमच्या गल्लीत तो वर्षानुवर्षं येतोय. पण पोच हातात हवी म्हणतील, ती कुठून काढू?

कियोस्कवाला:
जीवन प्रमाणच्या साइटवर प्रमाण आयडी टाका, पीडीएफ निघते, प्रिंट काढून द्या. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच करा, काही कारणानी रिजेक्ट झालं तर बँकेत जायला दिवस हातात राहतात.